राखणदार ओळखणाऱ्या वाचकाने इंग्रजी शहरी फँटसी कुठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशातल्या एका वाचकाने नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी जवळजवळ सगळे वाचले आहेत. आता इंग्रजीतल्या, आजच्या शहरात घडणाऱ्या, भुतं-जादू-वेअरवुल्फ असलेल्या लांब मालिका वाचायच्या आहेत. यापूर्वी दोन मालिका सुरू केल्या आणि दोन्ही तिसऱ्या पुस्तकाच्या आसपास सुटल्या. घरातली पंधरा वर्षांची मुलगीही हाती लागेल ते पुस्तक उचलते. चवथीच्या सुट्टीत नवी मालिका धरायची आहे. कुठली, आणि कुठल्या क्रमाने?

उत्तर आधी देऊन टाकतो. बेन आरोनोविचची 'रिव्हर्स ऑफ लंडन' घ्या, पहिली तीन पुस्तकं एकदम आणा आणि सलग वाचा. सुट्टी चारच दिवसांची असेल तर पी. जेली क्लार्कच्या कैरोतल्या कथा घ्या, त्या तेवढ्यात संपतात. जिम बुचरची 'ड्रेस्डेन फाइल्स' तुम्हाला प्रत्येक जण सुचवेल. ती वाचाच, पण पहिली म्हणून नको.

हा क्रम लावण्यामागे कारण आहे. गोव्यात वाढलेल्या माणसाला या प्रकारातली सगळ्यांत अवघड गोष्ट आधीच येत असते. आपल्या राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला, शीव (हद्द) असते. त्याचा मान ठरलेला असतो: रोट, सोरो (दारू), विडी. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्रीचा गावाभोवती फिरतो आणि फिरून त्या झिजतात. म्हणजे अमानवी शक्ती म्हटली की तिची हद्द कुठवर, तिला काय द्यायचं आणि बदल्यात ती काय देते, हे तीन प्रश्न आपल्याला कोणी शिकवावे लागत नाहीत. शहरी फँटसी नेमकी या तिन्हीवर उभी असते. मालिका पारखायची ती इथेच. पहिल्या पुस्तकात घातलेली हद्द तिसऱ्यातही पाळली जाते का? जादू वापरली की वापरणाऱ्याच्या पदरातून काही जातं का? ज्या मालिकेत नायक अडला की त्याला एक नवीनच शक्ती सापडते, ती चौथ्या पुस्तकापर्यंत हमखास पातळ होते. तुमच्या दोन मालिका सुटल्या त्या याच कारणाने सुटल्या असण्याची बरीच शक्यता आहे. दुसरं कारण क्रमाचं, त्याकडे पुढे येतो.

'रिव्हर्स ऑफ लंडन' २०११ साली आली. पीटर ग्रँट हा लंडनचा नवखा पोलीस शिपाई. कॉव्हेंट गार्डनमध्ये झालेल्या खुनाचा साक्षीदार त्याला भेटतो, आणि तो साक्षीदार भूत निघतो. तिथून पीटर पोलीस खात्याच्या एका जुन्या, जवळजवळ विसरलेल्या जादूच्या शाखेत जातो आणि नाइटिंगेल नावाच्या अधिकाऱ्याचा शिकाऊ होतो. पण आपल्यासाठी यातलं सोनं नद्यांमध्ये आहे. थेम्स नदीच्या दोन देवता आहेत आणि त्यांच्यात हद्दीचं भांडण आहे. नायजेरियातून आलेली मामा थेम्स खालच्या, भरतीच्या पाण्यावर राज्य करते. फादर थेम्स वरच्या गोड्या पाण्यावर. सीमा टेडिंग्टन लॉकची. हे ठिकाण लेखकाने हवेतून काढलेलं नाही, थेम्समध्ये समुद्राची भरती खरोखरच तिथवर चढते. खाजन शेतीतली मानस, म्हणजे खारं पाणी अडवणारं झडपेचं दार, ज्याने पाहिली आहे, खारं पाणी कुठे अडवायचं हे ज्याच्या घरात बोललं जातं, त्याला ही वाटणी एका वाक्यात कळते. खालच्या भागात थेम्सला मिळणाऱ्या लहान नद्यांच्या देवता मामाच्या मुली आहेत, आणि प्रत्येकीचा स्वभाव तिच्या नदीवरून बेतलेला आहे.

याच पुस्तकात पाहुणचाराचा एक नियम येतो, तो नीट लक्षात ठेवा. नदीदेवतेच्या घरी काही खाल्लं-प्यायलं की खाणारा तिच्या ऋणात अडकतो. त्यामुळे यजमानाने 'यात कसलंही बंधन नाही' असं तोंडाने म्हणणं इथे महत्त्वाचं असतं. पुढच्या पुस्तकांत हे वाक्य निरनिराळ्या प्रसंगी येतं आणि दर वेळी त्याचं वजन वेगळं असतं. पहिल्या पुस्तकात ते नजरेतून सुटलं तर पुढच्या निम्म्या गमती सुटतात. जादूची किंमतही अशीच चोख. मंत्र टाकला की जवळपासच्या चालू उपकरणातल्या मायक्रोप्रोसेसरची वाळू होते, म्हणून पीटर मोबाइलची बॅटरी तोडता यावी अशी सोय करून घेतो. आणि मर्यादेपलीकडे जादू केली की करणाऱ्याचा मेंदूच खराब होतो, शवविच्छेदनात तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो.

क्रम असा: 'रिव्हर्स ऑफ लंडन', 'मून ओव्हर सोहो', 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड', 'ब्रोकन होम्स', 'फॉक्सग्लव्ह समर', 'द हँगिंग ट्री', आणि 'लाइज स्लीपिंग' (२०१८). दुसऱ्या पुस्तकात सुरू झालेला मोठा शत्रू 'लाइज स्लीपिंग'मध्ये निकालात निघतो, म्हणून थांबायचं तर तिथे थांबा. 'ब्रोकन होम्स'वर मात्र चुकूनही थांबू नका. त्याचा शेवट मुद्दाम जखम करून सोडलेला आहे आणि पाचवं पुस्तक हाताशी नसेल तर चिडचिड होते. मधल्या लघुकादंबऱ्या आणि चित्रकादंबऱ्या पहिल्या फेरीत सोडल्या तरी मूळ कथेचं अडत नाही.

खरेदीतली एक खोच. अमेरिकेत पहिलं पुस्तक 'मिडनाइट रायट' या नावाने निघालं. दोन नावं, एकच कादंबरी. जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा ऑनलाइन ही दोन वेगळी समजून घेणारे पुष्कळ आहेत.

लंडनच्या पोलिसांची बोली आणि आद्याक्षरं यांमुळे पहिली पन्नास पानं जड जातील. त्यावर उपाय म्हणजे कोब्ना होल्डब्रुक-स्मिथने वाचलेलं ऑडिओबुक. पहिली दोन-तीन प्रकरणं पुस्तक समोर ठेवून ऐका. पीटरचा सूर कानात बसला की पुढे नुसतं वाचता येतं.

आता ड्रेस्डेन. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला जादूगार आणि खासगी गुप्तहेर. पहिलं 'स्टॉर्म फ्रंट' २००० साली आलं. पहिली दोन पुस्तकं कच्ची आहेत: बायकांच्या वर्णनात नायकाची नजर खटकते, आणि 'फूल मून'मध्ये वेअरवुल्फचे इतके प्रकार एकावर एक येतात की कथा त्याखाली दबते. बरेच वाचक इथेच पुस्तक मिटतात. ज्याला हा प्रकार आधीपासून आवडतो तोच हे दोन भाग सोसतो, म्हणून ही मालिका दुसरी ठेवा. तेव्हाही पहिलं वाचा, दुसरं रेंगाळलं तर खुशाल सोडा, पण तिसरं 'ग्रेव्ह पेरिल' सोडू नका. जादूगारांचं मंडळ आणि रेड कोर्टचे व्हॅम्पायर यांच्यातलं युद्ध तिथे पेटतं आणि थेट बाराव्या 'चेंजेस'पर्यंत चालतं.

इतकी वाट पाहण्यासारखं यात काय आहे? उंबरठा. घरात माणसं राहतात, जेवतात, भांडतात, मुलं वाढवतात, त्यातून त्या घराच्या उंबरठ्याला बळ येतं. बोलावल्याशिवाय तो ओलांडणाऱ्याची शक्ती बाहेरच राहते, मग तो व्हॅम्पायर असो वा खुद्द हॅरी. आणि एकट्या माणसाच्या भाड्याच्या खोलीचा उंबरठा दुबळा असतो, म्हणून हॅरीला स्वतःच्या घराला मंत्रांचं कुंपण घालावं लागतं. उंबऱ्यावर रोज फूल पडणाऱ्या घरातल्या वाचकाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. बुचरने तो इतक्या कादंबऱ्यांत फारसा वाकवलेला नाही.

'चेंजेस' (२०१०) सुरू करण्याआधी 'घोस्ट स्टोरी' आणून ठेवा. या दोहोंच्या मध्ये 'साइड जॉब्स' या कथासंग्रहातली 'आफ्टरमाथ' ही शेवटची कथा वाचा. ती 'चेंजेस' संपल्यावर लगेचच सुरू होते, आणि ती आधी वाचली तर शेवट फुटतो. २०२० मध्ये दोन महिन्यांच्या अंतराने आलेली 'पीस टॉक्स' आणि 'बॅटल ग्राउंड' ही एकाच कथेची दोन शकलं आहेत. नुसतं पहिलं वाचलं तर पुस्तक मध्येच तुटल्यासारखं वाटतं, कारण ते तुटलेलंच आहे.

धारपांच्या समर्थ-कथांमधली ती थंड भीती तुम्हाला हवी असेल, तर वरच्या दोन्ही मालिका ती देणार नाहीत. त्या मुळात तपासकथा आहेत, भीती तोंडी लावण्यापुरती. त्यासाठी माइक केरीची फेलिक्स कॅस्टर मालिका आहे. पाचच पुस्तकं, २००६ ते २००९, पहिलं 'द डेव्हिल यू नो'. कॅस्टर लंडनमध्ये भुतं काढतो, आणि त्याचं साधन आहे टिनची बासरी. प्रत्येक भुताचा एक सूर असतो. तो सूर सापडला की भूत त्यात बांधलं जातं आणि सूर थांबला की जातं. पहिल्या पुस्तकात तो कागदपत्रांच्या एका संग्रहालयातलं बाईचं भूत घालवायला येतो. घालवण्याआधी ती बाई तिथे का अडकली आहे हा प्रश्न तो स्वतःला विचारतो, आणि सगळी कादंबरी त्या प्रश्नातून निघते. भुताची बाजू ऐकून घेण्याची ही वृत्ती मतकरींच्या वाचकाला ओळखीची वाटेल. माझ्या मते या यादीत सर्वांत कमी वाचली गेलेली आणि तुमच्या आवडीला सर्वांत जवळची मालिका हीच. पहिली म्हणून ती सांगितली नाही, याचं कारण इतकंच की वाक्यं लांब आहेत, इंग्रजी अवघड आहे आणि शेवटचे दोन भाग फार काळोखे आहेत.

कैरोच्या कथांचा आवाका लहान आहे, पण आतलं जग भरगच्च. वर्ष १९१२. चाळीसेक वर्षांपूर्वी जिन्नांच्या जगाची भिंत फुटली आणि जिन्न माणसांत राहू लागले. आता त्यांचं काम बघायला एक सरकारी खातं आहे. आधी 'अ डेड जिन इन कैरो' (२०१६) ही दीर्घकथा, मग 'द हाँटिंग ऑफ ट्राम कार ०१५' (२०१९), शेवटी 'अ मास्टर ऑफ जिन' (२०२१) ही कादंबरी. हिला विज्ञानकथा-फँटसीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. दुसरी कथा म्हणजे झपाटलेली ट्राम आणि तिचं भूत उतरवायला आलेले दोन निरीक्षक. किती खर्च येईल, खात्याला तो परवडेल का, हे त्यांना आधी बघावं लागतं. सरकारी कचेरीत नोकरी केलेल्याला हे वाचताना फार मजा येते. पहिल्या दोन कथा मिळून एका दिवसात होतात. कादंबरीला तीन दिवस धरा.

हिशोबाची मालिका म्हणायची तर सेर्गेई लुक्यानेन्कोची मॉस्को. 'नाइट वॉच' रशियनमध्ये १९९८ साली आली, इंग्रजीत अँड्र्यू ब्रॉमफील्डचा अनुवाद आहे. प्रकाशाची आणि अंधाराची बाजू यांच्यात तह झालेला आहे आणि दोन्ही एकमेकांवर पहारा ठेवतात. एका बाजूने चांगलं कृत्य केलं की दुसरीला तेवढ्याच वजनाचं वाईट कृत्य करण्याचा हक्क मिळतो. व्हॅम्पायरला शिकारीचा परवाना लागतो. हा एक नियम लेखक इतका पिळतो की तिसऱ्या पुस्तकापर्यंत चांगलं करायचीच भीती वाटू लागते. पुढचे क्रम: 'डे वॉच', 'ट्वायलाइट वॉच'. इथे थांबलात तरी चालेल. प्रत्येक पुस्तकात तीन स्वतंत्र भाग आहेत, त्यामुळे रोज थोडं थोडं वाचणाऱ्यालाही सोयीचं.

नायिका असलेल्या मालिकांकडे वळण्याआधी एक फरक. पॅरानॉर्मल रोमान्स आणि शहरी फँटसी दुकानात एकाच फळीवर असतात, मुखपृष्ठंही सारखी दिसतात. मनातल्या मनात प्रेमकथा काढून टाका. मागे खून, युद्ध, शोध काही उरत असेल तर ती फँटसी. काही उरत नसेल तर रोमान्स. रोमान्स मालिकेत बहुधा दर पुस्तकाला नवी जोडी असते आणि शेवट गोड असतो, म्हणून मधलं पुस्तक हाती लागलं तरी वाचता येतं. नलिनी सिंगची साय-चेंजलिंग मालिका या जातीतली उत्तम, आणि तिच्यात जोड्यांमागे राजकारणही सलग चालू राहतं, म्हणून ती मात्र 'स्लेव्ह टू सेन्सेशन'पासून (२००६) ओळीने वाचलेली बरी.

इलोना अँड्र्यूज या नावाने एक नवरा-बायको मिळून लिहितात. त्यांची केट डॅनियल्स मालिका दहा पुस्तकांत पूर्ण झालेली आहे, २००७ ते २०१८. अटलांटा शहरात जादू लाटेसारखी येते. ती आली की वीज, गाड्या, फोन बंद. ओसरली की मंत्र बंद. पावसाळ्यात खेड्यातली वीज जशी न सांगता जाते-येते तसंच, आणि माणसांनी घरात दोन्हीची तयारी ठेवलेली असते. पहिलं 'मॅजिक बाइट्स' घाईत आहे, ओळखी न करून देता पळतं. तिसऱ्या 'मॅजिक स्ट्राइक्स'पर्यंत धीर धरा, मालिका तिथे बसते. 'गनमेटल मॅजिक' हे दुसऱ्या पात्राचं पुस्तक पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये वाचायचं.

पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्प्सन ही गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक, जी कोयोटचं रूप घेते. 'मून कॉल्ड' (२००६) पासून सुरुवात. लिखाण स्वच्छ, गॅरेजचं काम खरं वाटतं. पण तिसऱ्या 'आयर्न किस्ड'च्या शेवटाकडे बलात्काराचा प्रसंग आहे, आणि चौथं पुस्तक त्याच्या परिणामांत जातं. लेखिकेने तो गांभीर्याने हाताळला आहे, तरी ज्याला नको त्याने आधीच माहीत करून घ्यावं. याच जगातली 'अल्फा अँड ओमेगा' ही उपमालिका. तिचं पहिलं पुस्तक म्हणून 'क्राय वुल्फ' विकतात, पण खरी सुरुवात 'ऑन द प्राउल' या संग्रहातल्या दीर्घकथेत आहे. ती न वाचता 'क्राय वुल्फ' उघडलं की नायक-नायिका आधीच एकमेकांना ओळखतात आणि वाचक बाहेर उभा राहतो.

तुमच्या मालिका सुटण्याचं दुसरं संभाव्य कारण हेच आहे. यादीत १, २, ३ असे आकडे दिसतात, पण कथेचा सांधा कधी कधी ०.५ किंवा ३.५ मध्ये, म्हणजे दोन खंडांच्या मधल्या किंवा पहिल्याच्या आधीच्या कथेत असतो. नियम सोपा ठेवा: ०.५ जर मालिकेच्या मुख्य जोडीबद्दल असेल तर आधी वाचा, दुय्यम पात्राबद्दल असेल तर नंतर.

काही मालिका मधूनच वेगळ्या होतात. लॉरेल के. हॅमिल्टनची अनिता ब्लेक (पहिलं पुस्तक १९९३) नवव्या 'ऑब्सिडियन बटरफ्लाय'पर्यंत भक्कम तपासकथा आहे. दहाव्यापासून कामुक प्रसंगच कथा चालवू लागतात. नवव्यावर थांबा. शार्लेन हॅरिसच्या सूकी स्टॅकहाउसच्या तेरा पुस्तकांवर 'ट्रू ब्लड' ही टीव्ही मालिका निघाली, पण दोन्हींच्या वाटा लवकर फुटतात, म्हणून मालिका पाहिली असली तरी पहिल्या पुस्तकापासूनच सुरू करा.

मुलीबद्दल. 'रिव्हर्स ऑफ लंडन'च्या सुरुवातीच्या प्रकरणांतच एका तान्ह्या बाळाचा भीषण मृत्यू आहे, तो आधी स्वतः वाचून ठरवा. तिच्या हातात त्याच जगातली 'व्हॉट ॲबिगेल डिड दॅट समर' (२०२१) द्या. तेरा वर्षांची नायिका, बोलणारे कोल्हे, हॅम्पस्टेड हीथवरून नाहीशी होणारी मुलं. आकार छोटा, आणि मुख्य मालिका न वाचताही समजते. कैरोच्या कथाही चालतील. अनिता ब्लेक आणि कॅस्टर तूर्त वरच्या फळीवर.

पुस्तकं मिळवताना एकदम दहा खंड घेऊ नका. तीन घ्या, तिसऱ्याच्या शेवटी पुढचं आजच हवं असं वाटलं तरच पुढचे. पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात शोधताना शीर्षकाऐवजी लेखकाच्या आडनावाने शोधा, म्हणजे वेगळ्या नावाची आवृत्तीही सापडते. किनाऱ्याकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत प्रवाशांनी सोडलेले खंड मिळतात, पण सुटे, चौथा आणि सातवा असे. साय-चेंजलिंगचा सुटा खंड एक वेळ वाचता येतो. 'चेंजेस' किंवा 'ब्रोकन होम्स' सुटं मिळालं तर विकत घ्या, पण कपाटात ठेवून पाळी येईपर्यंत उघडू नका. मागचं पानही नको, तिथे शेवटाचा सुगावा असतो.

हे स्वस्त, जाड, खिशात मावणारे पेपरबॅक आपल्या पावसात टिकत नाहीत. कागद ओल पितो, कडेने तपकिरी होतो, मग पाठीच्या डिंकाजवळ बुरशी धरते आणि पानं सुटतात. बाहेरच्या भिंतीला फळी टेकवू नका, मागे दोन बोटं हवा राहू द्या. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. डब्यात घालण्याआधी पुस्तक पंख्याखाली एक दिवस उभं करून पानं मोकळी सोडा, नाहीतर ओल आतच कोंडते. बुरशी दिसली तर ओली असताना पुसू नका, ती पसरते. आधी वाळवा, मग घराबाहेर नेऊन नाकावर फडकं बांधून मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात ठेवलं की डिंक तडकतो, म्हणून सावलीतच.

मालिका मध्ये सोडावी लागली तर शेवटच्या वाचलेल्या पानात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर चारच गोष्टी: कोण जिवंत आहे, कोणाचं कोणावर ऋण आहे, कुठली हद्द मोडली गेली, आणि पुढच्या खंडाचं नाव. सहा महिन्यांनी परत उघडताना पहिला खंड पुन्हा वाचावा लागत नाही.